दोन फियाट, एक आरसी बुक: चेसी नंबर एका गाडीवरून दुसरीवर नेता येतो का?

तुमचा प्रश्न इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून आधी थोडक्यात मांडतो. आजोबांची १९६१ ची फियाट ११००, म्हणजे आपली ‘डुक्कर फियाट’, बरीच वर्षं अंगणात उभी आहे. आरसी बुक शाबूत आहे आणि वडिलांच्या नावावर ट्रान्सफरही झालेलं आहे, पण गाडीचा तळ पार गंजलाय. कराडच्या बाजूला तशीच दुसरी फियाट मिळतेय. तिचा पत्रा खणखणीत, पण कागद एकही नाही. गॅरेजवाला म्हणतो, आपल्या गाडीचा चेसी नंबर कोरलेला पत्र्याचा तुकडा कापून त्या गाडीत बसवू, पंधरा हजारांत काम होईल, आरटीओला पत्ताही लागणार नाही. दोन्ही गाड्या आपल्याच, मग यात चोरी कुठे आली, असं तुम्ही विचारलंय. शिवाय दोन उपप्रश्न आहेत: आरसीवरचा इंजिन नंबर गाडीतल्या इंजिनाशी जुळत नाही, त्याचं काय? आणि कागद नसलेल्या गाडीला नव्याने कागद काढता येतात का?

नंबराच्या तुकड्याबद्दल: नाही. दोन्ही गाड्या तुमच्या असल्या तरी नाही. आणि तुमच्या बाबतीत त्याची गरजही नाही, दुसरा मार्ग पुढे सांगतो. मी मोटार सर्व्हेअर आहे. अपघाताच्या क्लेमपासून जुन्या गाड्यांच्या मूल्यांकनापर्यंत सगळ्यात माझं पहिलं काम बॉनेट उघडून नंबर बघायचं असतं, त्यामुळे हा ‘तुकडा’ प्रकार चांगल्यापैकी ओळखीचा आहे.

कायद्यापासून सुरुवात करू, कारण गॅरेजवाल्याने ‘आरटीओला कळणार नाही’ एवढंच सांगितलंय, ‘चालतं’ असं त्यानेही म्हटलेलं नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५५ नोंदणी रद्द करण्याबद्दल आहे. त्याच्या पोटकलम ५ मध्ये दोन गोष्टी आहेत. खोटे कागद देऊन किंवा खोटी माहिती सांगून नोंदणी मिळवली असेल, किंवा गाडीवर कोरलेला इंजिन नंबर वा चेसी नंबर आरसीतल्या नंबरापेक्षा वेगळा निघाला, तर मालकाला बाजू मांडायची संधी देऊन आरटीओने नोंदणी रद्द करायचीच आहे. तिथे ‘करू शकेल’ असं नाही. मालकाचा हेतू काय होता, हेही तिथे विचारलेलं नाही. आता तुम्ही म्हणाल, तुकडा बसवला की नंबर जुळेलच की. जुळेल तो तुकडा. त्याच्या भोवतीची सगळी गाडी, छपरापासून डिकीपर्यंत, जन्माला येताना दुसऱ्याच नंबरावर आली होती. ती आरसीतली गाडी नव्हे. ती आरसीतली गाडी आहे असं सांगून तुम्ही नूतनीकरण केलंत, विमा काढलात, विकलीत, की खोट्या माहितीचा भाग सुरू झाला. कलम ४५ तर नोंदणीच्या किंवा नूतनीकरणाच्या टप्प्यावरच लागू पडतं: गाडी चोरीची आहे असं मानायला कारण असेल, किंवा आधीच्या नोंदणीचा तपशील चुकीचा दिला असेल, तर आरटीओ नकार देऊ शकतो.

अमेरिकेत यासाठी एक स्वतंत्र संघीय कलम आहे, त्याकडे नंतर येतो. आपल्याकडे पोलीस भारतीय न्याय संहितेची कलमं एकत्र लावतात. चोरीचा माल बाळगणं ३१७, फसवणूक ३१८, बनावट दस्तऐवज ३३६, तो खरा म्हणून वापरणं ३४०. जुन्या भाषेत ४११, ४२०, ४६८, ४७१. ठाण्यातले जुने हवालदार अजून हेच आकडे बोलतात. पत्र्यावरच्या नंबराला ‘दस्तऐवज’ कसं म्हणायचं, असा प्रश्न पडत असेल. दस्तऐवजाच्या कायदेशीर व्याख्येला कागद लागत नाही. कुठल्याही पदार्थावर अक्षरांनी, आकड्यांनी किंवा खुणांनी व्यक्त केलेली आणि पुरावा म्हणून वापरता येईल अशी गोष्ट तिच्यात बसते. पोलादी पत्र्यावर पंच केलेला नंबर म्हणूनच तिथे आरामात बसतो. त्याखेरीज कायद्याने परवानगी नसलेला बदल गाडीत केला तर मोटार वाहन कायद्याच्या १८२अ(४) खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

‘पण मी कुणालाच फसवत नाही’ हा तुमचा मुद्दा फौजदारी खटल्यात काही प्रमाणात उपयोगी पडू शकतो, कारण फसवणुकीला अप्रामाणिक हेतू लागतो. पण त्यावर फार विसंबू नका. कराडची गाडी विनाकागदाची आहे. ती चोरीची नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं? विकणाऱ्याने. चोरीच्या मालाच्या कलमात ‘माहीत असून’ एवढंच नाही, ‘तसं मानायला कारण असून’ हेही आहे. चारचाकी गाडी एकाही कागदाशिवाय विकायला निघणं हेच तपास अधिकाऱ्याच्या दृष्टीने पुरेसं कारण असतं. बहुतेक वेळा अशी गाडी चोरीची नसतेच, हे मान्य. मालक वारला, मुलं परदेशी गेली, वाड्यात गाडी राहिली, कुळाने विकली, कागद गहाळ झाले, अशाच त्यांच्या कहाण्या असतात. पण मूळ मालकाचा नातू उद्या हातात आरसी घेऊन उभा राहिला, तर तोवर तुम्ही त्या गाडीचा खरा नंबर कापून फेकलेला असेल. म्हणजे तुमच्या प्रामाणिकपणाचा एकमेव पुरावा तुम्हीच ग्राइंडरखाली घातलेला असेल.

हा प्रकार पोलिसांच्या डोळ्यांत इतका का खुपतो, तेही सांगतो. गाडीचोरांची जुनी रीत हीच आहे. टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीपलीकडे गेलेली गाडी भंगारातून केवळ कागद आणि नंबरासाठी विकत घ्यायची, त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी चोरायची आणि तुकडा बदलायचा. पूर्वी नोंदणी रद्द करताना चेसी नंबराचा कापलेला तुकडा आरटीओत जमा करून घ्यायचे, तो याच कारणाने. २०२१ पासून नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांचे नियम आले, त्यांचा एक हेतू हाच की मेलेल्या गाडीचा नंबर बाजारात जिवंत फिरू नये. तुमचा गॅरेजवाला जे पंधरा हजारांत करून देणार आहे, ते आणि चोरांची टोळी करते ते, वेल्डिंगच्या टेबलावर अगदी सारखं दिसतं.

आता ‘कळणार नाही’ या भागाकडे येऊ.

नंबर बघताना मी टॉर्च समोरून कधीच मारत नाही. पत्र्याला जवळजवळ चिकटवून, आडवा प्रकाश पाडतो. वेल्ड घासून, पुट्टी मारून, वर रंग दिला तरी तुकड्याच्या चौकटीची कड त्या उजेडात सावलीसारखी दिसते. मग चुंबक फिरवतो. पुट्टी जाड असेल तिथे तो सैल पडतो. मग आरसा घालून पत्र्याची मागची बाजू बघतो, आणि बहुतेक जण तिथेच सापडतात, कारण पुढची बाजू सगळे गुळगुळीत करतात आणि मागची विसरतात. कारखान्यातल्या सांध्यावर ठरावीक अंतरावर स्पॉट वेल्डचे गोल ठिपके असतात. गॅरेजमधल्या सांध्यावर सलग वेल्डची रेघ असते, बाजूला पत्रा उष्णतेने काळानिळा पडलेला असतो. शिवाय तुकड्याच्या मागे एका जमान्याचा रंग आणि शेजारी दुसऱ्याच जमान्याचा. जुन्या गाड्यांवर नंबराची ओळ पुष्कळदा किंचित वरखाली असते, एखादा आकडा खोल, एखादा उथळ. साठीतल्या गाडीवर संगणकाने काढल्यासारखी सरळ ओळ दिसली की मी आधी चष्मा पुसतो.

हे झालं उघड्या डोळ्यांचं. प्रयोगशाळेचं काम याच्या पुढचं आहे. पंच मारताना वरचा पत्रा तर दबतोच, पण आकड्याच्या खालचा धातूही आतपर्यंत दाबला जातो. वहीत जोर देऊन लिहिलं की खालच्या पानावर अक्षरं उमटतात, तसंच. वरून नंबर घासून टाकला तरी खालचा दाबलेला धातू तसाच राहतो. कॉपर क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं द्रावण तिथे चोळलं की दबलेला आणि न दबलेला धातू वेगवेगळ्या वेगाने झिजतात आणि पुसलेला आकडा वर येतो. कलिन्याच्या न्यायसहाय्यक प्रयोगशाळेला हे काम नवं नाही. म्हणून ‘तुकडा नको, जुना नंबर घासून त्यावरच नवा पंच मारू’ हा गॅरेजवाल्याचा पुढचा प्रस्ताव आला, तर तो आधीच्यापेक्षा वाईट आहे.

समजा प्रकरण निघालं आणि गाडी जप्त झाली. एरवी जप्त गाड्या ठाण्याच्या आवारात सडत ठेवू नयेत, मालकाकडे सुपुर्तनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करू अशा लेखी हमीवर, द्याव्यात, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणातला निकाल आहे आणि कोर्टं तो पाळतात. पण सुपुर्तनामा मागताना गाडी तुमची आहे हे दाखवावं लागतं. चेसीवर एक नंबर, आम्लाखाली दुसरा, आरसी पहिल्याची आणि दुसऱ्याचा कागदच नाही, अशी गाडी कोणाच्या ताब्यात द्यायची? अशा गाड्या ठाण्याबाहेरच्या भिंतीला टेकून राहतात. त्यांच्यात पिंपळ उगवलेले मी पाहिलेत.

विम्याचं तर विचारू नका. क्लेमच्या वेळी सर्व्हेअरने दिलेला चेसीचा फोटो पॉलिसीशी जुळला नाही, किंवा जुळूनही तुकडा लावल्याचं दिसलं, की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम गेलाच म्हणून समजा. समोरच्याला इजा झाली असेल तर अपघात भरपाईचं न्यायाधिकरण कंपनीला आधी भरपाई द्यायला लावू शकतं आणि मग ती रक्कम तुमच्याकडून वसूल करायची मुभा देऊ शकतं.

आता खरा गाभा. गाडी ‘तीच’ कशामुळे राहते? तुमच्या फियाटच्या बाबतीत याचं उत्तर तिच्या बांधणीत आहे. विलीज किंवा जुन्या महिंद्रा जीपला शिडीसारखी वेगळी चेसी असते, नंबर तिच्यावर असतो आणि वरचा टब, म्हणजे बॉडी, उचलून दुसरा बसवला तरी गाडी तीच राहते. म्हणूनच मिलिटरी डिस्पोजलच्या जीपांनी तीन-तीन टब पाहिलेले असतात आणि कोणी काही म्हणत नाही. फियाटला, अँबॅसिडरला वेगळी चेसी नाही. बॉडी शेल, म्हणजे गाडीचा पत्र्याचा सांगाडा, हीच चेसी. नंबर शेलच्या पत्र्यावर आहे आणि तो नंबर म्हणजे त्या शेलची ओळख. शेल बदललात की गाडी बदलली. मात्र त्याच शेलचा सडलेला भाग कापून तिथे चांगला पत्रा घातलात, तर ती दुरुस्ती झाली.

यावर जगातला सगळ्यात गाजलेला खटला १९९० साली लंडनच्या हायकोर्टात चालला. बेंटलीची ‘ओल्ड नंबर वन’, १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षं फ्रान्समधली ल मांसची शर्यत जिंकलेली गाडी, एक कोटी पौंडांना विकायचं ठरलं. नंतर घेणाऱ्याने पैसे द्यायला नकार दिला. म्हणणं असं की शर्यत जिंकलेल्या गाडीतलं आता हिच्यात उरलंय काय? चेसी बदललेली, इंजिन बदललेलं, बॉडी बदललेली. न्यायाधीशांनी तिला ‘मूळ’ म्हणायला नकार दिला, पण ती अस्सल ओल्ड नंबर वनच आहे असं ठरवलं, कारण तिचे बदल एकामागून एक, एकाच गाडीवर, अखंड इतिहासात झाले होते. मधे कुठेही एक गाडी संपून दुसरी तिच्या नावाने उभी राहिली नव्हती. भारतीय आरटीओवर हा निकाल बांधील नाही, हे उघड आहे. पण तुमचा प्रश्न समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही: आजोबांच्या गाडीला एकेक पत्रा घालत नेलात तर शेवटीही ती आजोबांचीच गाडी असेल. तिचा नंबर कराडच्या गाडीला लावलात तर आजोबांची गाडी त्या दिवशी भंगारात गेली.

ब्रिटनमध्ये गाड्यांची नोंदणी करणाऱ्या डीव्हीएलए या सरकारी संस्थेने अनेक वर्षं वापरलेली गुणपद्धतही याच विचारावर उभी होती. मोठे बदल केलेल्या गाडीला जुनी ओळख टिकवायला किमान ८ गुण लागत. त्यात चेसी किंवा मोनोकॉक शेलला (फियाटसारखा, जिथे शेल हीच चेसी) ५, सस्पेन्शन, अॅक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंगला प्रत्येकी २ आणि इंजिनाला अवघा १.

परदेशातल्या मराठी वाचकांसाठी अमेरिकेबद्दल दोन वाक्यं, कारण तिथे जुन्या मस्टँग-कॉर्वेट घेणारे आपले बरेच जण आहेत. तिथे गाडीचा ओळख नंबर काढणं, बदलणं, खोडणं हा संघीय गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद. दुरुस्तीसाठी तो काढणं अपरिहार्य असेल किंवा राज्याच्या कायद्याप्रमाणे परत बसवत असाल, तरच सूट. आणि ही सूट राज्यागणिक किती बारीक असते ते कॅन्ससमध्ये दिसलं. १९५९ ची एक कॉर्वेट नोंदणीला आणली असता पोलिसांनी २०१७ मध्ये जप्त केली, कारण आधीच्या कुणीतरी रिस्टोरेशन करताना नंबरची पट्टी काढून पुन्हा बसवली होती. नंबर तिचाच होता. तरी प्रकरण वर्षानुवर्षं चाललं आणि शेवटी २०२२ मध्ये विधिमंडळाला जुन्या गाड्यांपुरता कायदाच बदलावा लागला. म्हणजे स्वतःची पट्टी स्वतःच्या गाडीवर परत लावली तरी ही गत.

तर तुम्ही काय करायचं? कराडची गाडी नंबरासाठी नको, पत्र्यासाठी घ्या. तिचा तळपत्रा, सिल (दारांखालचा पत्रा), मडगार्डांचे आतले भाग, हवं तर दारं, बॉनेट, डिकी काढून आजोबांच्या शेलमध्ये घाला. त्या काळातल्या उलट्या उघडणाऱ्या पुढच्या दारांच्या बिजागरीचे खांब मिळणं आज किती अवघड आहे, हे डेंटरला विचारा. त्या एका भागासाठीसुद्धा ती गाडी घेण्यासारखी आहे. काम वेळखाऊ आहे आणि गॅरेजवाल्याच्या पंधरा हजारांत होणार नाही, कित्येक पटींनी जास्त जाईल. शेल जिगवर, म्हणजे त्याला सरळ धरून ठेवणाऱ्या पक्क्या चौकटीवर, किंवा निदान घट्ट आडव्या टेकूंवर बांधल्याशिवाय तळ कापू देऊ नका, नाहीतर शेल पिळतो आणि मग दारं कधीच नीट लागत नाहीत. आणि नंबर असलेला पत्रा, त्याच्या चारही बाजूंचा वीतभर भाग धरून, अस्पर्शित ठेवा. डेंटरला तोंडी सांगून भागत नाही. ग्राइंडर लागायच्या आधी त्यावर टेप मारा आणि पेनाने ‘हात लावू नये’ असं लिहा. मी हे अगदी गंभीरपणे सांगतोय. सँड ब्लास्टिंगवाल्याने नंबर उडवून लावल्याची प्रकरणं माझ्याकडे आली आहेत.

काम सुरू व्हायच्या आधी, मधे आणि नंतर फोटो काढा, नंबरासकट एकाच चौकटीत आसपासचा पत्रा दिसेल असे. नंबराची पेन्सिल छाप आधीच घेऊन ठेवा, शक्यतो आरटीओतून आलेल्या जुन्या छापेशी ताडून. गॅरेजच्या बिलात ‘तळाचा पत्रा बदलला’ असं स्वच्छ लिहून घ्या. पाच-दहा वर्षांनी गाडी विकाल तेव्हा हा गठ्ठा लाखमोलाचा असेल.

नंबर असलेला पत्राच गंजून आकडे वाचता येत नसतील, तर तोही मार्ग बंद नाही, पण तो आरटीओतून जातो. लेखी अर्ज द्यायचा, मोटार वाहन निरीक्षक गाडी पाहतो, जुन्या नोंदीशी ताडतो, पोलिसांकडून चोरीच्या यादीत गाडी नसल्याची खात्री होते आणि मग लेखी परवानगीने तोच नंबर पुन्हा पंच होतो. कार्यालयागणिक यात कागद थोडे कमी-जास्त मागतात. परवानगीचं पत्र आरसीइतकंच जपून ठेवा, कारण री-पंच केलेला नंबर बघून पुढचा प्रत्येक सर्व्हेअर भुवया उंचावणार, माझ्यासकट.

गाडी पन्नास वर्षांवरची असल्याने व्हिंटेज नोंदणीचाही विचार करा. १५ जुलै २०२१ ला केंद्रीय मोटार वाहन नियमांत ८१अ पासूनचे नियम आले. आधीपासून नोंदलेली गाडी असेल तर जुना नंबर तसाच ठेवता येतो, म्हणजे तुमची जुनी अक्षरं जात नाहीत. ‘व्हीए’ची मालिका नव्या नोंदणीला मिळते. शुल्क नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००, मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चेसी, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल करणारी मोठी उलथापालथ झालेली नसावी. सडलेल्या तळाच्या जागी त्याच मॉडेलचा तळ घालणं ही माझ्या मते दुरुस्तीच आहे, पण निर्णय राज्याची समिती घेते, आणि तिथे तुमचे फोटो बोलतील. मात्र एक लक्षात घ्या: व्हिंटेज नोंदणीवर गाडी रोज फिरवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन आणि देखभाल एवढंच. रविवारी कुटुंबाला घेऊन मिसळ खायला जायचं असेल तर साधं नूतनीकरण बरं.

इंजिनाचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. या फियाटांत पुढे पद्मिनीचं इंजिन बसवलेलं सर्रास दिसतं, १०८९ सीसीचंच घराणं असल्याने ते बसतंही सहज, आणि आजोबांनी तेच केलं असावं. इंजिन हा बदलता येणारा भाग आहे, पण नोंद हवी. कलम ५२ प्रमाणे बदल मंजुरीने करायचा आणि १४ दिवसांत आरसीत चढवून घ्यायचा असतो. मूळ उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाला धक्का लावणारे बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या के. जयचंद्र प्रकरणात ठणकावलंय. त्याच जातीचं, त्याच इंधनाचं इंजिन असेल तर अडचण येऊ नये. इंजिन कुठून आलं त्याची पावती मागतील. चाळीस वर्षांपूर्वीची पावती नसेल तर प्रतिज्ञापत्र द्या आणि त्या इंजिनाचा नंबर चोरीच्या यादीत तपासल्याचं जोडा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) ‘वाहन समन्वय’ या ऑनलाइन सेवेवर चेसी आणि इंजिन नंबर टाकून ही तपासणी कुणालाही करता येते. हे आधी उरका, कारण वर सांगितलेलं ५५(५) इंजिन नंबरालाही लागू आहे. आरसीवरचा जुना इंजिन नंबर आताच्या इंजिनावर पंच करून घ्या, असा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

राहिली कराडची गाडी स्वतःच्या पायावर उभी करण्याची शक्यता. त्यासाठी चेसी नंबरापेक्षा रजिस्ट्रेशन नंबर महत्त्वाचा, कारण जुनी रजिस्टरं त्या क्रमाने लावलेली असतात. नुसत्या चेसी नंबरावरून साठीतली पानं कोणी चाळून देणार नाही. प्लेट नसेल तर काचेवरच्या जुन्या स्टिकरची खूण, डिकीत किंवा सीटखाली अडकलेली विम्याची पावती, टॅक्सचा कागद, प्लेटच्या जागी रंगाखाली राहिलेली अक्षरं, सगळं शोधा. नंबर सापडला तर त्या आरटीओतून नोंदीचा उतारा काढा, त्यावरच्या मालकाला किंवा वारसांना गाठा. त्यांनीच हरवल्याची तक्रार देऊन फॉर्म २६ वर डुप्लिकेट आरसी काढायची. मालक हयात नसेल तर आधी फॉर्म ३१ ने वारसाच्या नावावर, मग २९ आणि ३० ने तुमच्या. एजंट आरटीओच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीत जुनी नोंद परस्पर चढवून देतो म्हणाला, तर त्या बॅकलॉग एन्ट्रीमागे मूळ रजिस्टरचं पान आहे का ते आधी बघा. पान नसेल तर ती आरसी पडताळणीत टिकत नाही. वारस सापडले नाहीत तर ती गाडी पार्ट्सचीच. रस्त्यावर न्यायची नाही हे तुम्ही जाणताच, पण कलम ३९ मध्ये ‘सार्वजनिक ठिकाणी किंवा इतर कुठेही’ असे शब्द आहेत, तेव्हा शेतावरच्या फेऱ्याही त्यात येतात.

ती घेण्याआधी दोन गोष्टी करा. ‘वाहन समन्वय’वरची तपासणी, आणि विकणाऱ्याकडून ओळखपत्राच्या प्रतीसह, चेसी आणि इंजिन नंबर लिहिलेली सही-पावती, गाडी त्याच्याकडे कशी आली त्या हकिकतीसकट. तो लिहून द्यायला कां-कूं करू लागला तर पत्रा कितीही खणखणीत असो, तिथून निघा. घेतलीत आणि सुटी केलीत तर तिच्या नंबराचा पत्रा भंगारवाल्याकडे जाऊ देऊ नका. तो न घासता, न कापता, त्या पावतीसोबत तुमच्याकडेच ठेवा. कोणी विचारलं की ती गाडी कुठे गेली, तर नंबर, पावती आणि तिचा पत्रा ज्यात गेला त्या गाडीचे फोटो एकत्र समोर ठेवता आले पाहिजेत.